आपल्या वाट्याचे ऊन

२०१६ साली आम्ही झोपडीतून इमारतीत राहायला आलो. दुसरा मजला, २६९ चौरस फुटांचे घर, आत संडास, आत नळ. पहिल्या दिवशी नळ सोडला आणि मला रडू आले. पहाटे हंडे घेऊन रांगेत उभे राहणे संपले होते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो लावले, खीर केली, शेजारी वाटली.

एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली नाही. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. ऊन नाही, वारा नाही. भर दुपारीही दिवा लावावा लागतो.

माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. तरुणपणी दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, मुंबईत आल्यावर बांधकामावर पाट्या उचलल्या. झोपडीच्या दारात शेवगा होता. त्याच्याखाली बसून लसूण सोलायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायच्या. इमारतीत आल्यावर वर्षभरात त्या गप्प झाल्या. रात्री झोप नाही, हाडे दुखतात, जेवणावर मन नाही. आम्हाला वाटले, वय झाले.

दवाखान्यात रक्त तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व फार कमी आहे. गोळ्या देते, पण आजींना उन्हात बसवा. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, ते अंगावर पडायला हवे."

सासूबाई हसल्या. "सारा जलम उन्हात गेला. आता ऊन गोळीत घालून खायाचं व्हय?"

माझी मुलगी नर्सिंग शिकते. तिने सांगितले, रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने १९८४ साली अमेरिकेतील एका इस्पितळाच्या नोंदी तपासून लेख लिहिला. पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. २३ जणांना खिडकीतून झाडे दिसत होती, २३ जणांना विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जालीम औषधेही कमी लागली. ते ऐकताना मी आमच्या खिडकीकडे पाहत होते.

मी म्हटले, "आत्याबाई, थोडे दिवस गावी राहता का?"

त्या ताडकन म्हणाल्या, "गावाचं नाव काढू नगंस. पिंपळाच्या पारावर आपल्याला बसू देत नव्हते. सावलीला बी जात हुती तिथं."

खरेच आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पाणी कोणा माणसाने निर्माण केले नव्हते, पहारा मात्र माणसांनी बसवला होता. म्हणून 'खेड्यात किती छान निसर्ग' असे कोणी म्हटले की आपल्याला ते गोड लागत नाही. गाव सोडले ते बरेच केले. पण गाव सोडताना ऊन, वारा आणि झाडावरचा हक्क आपण सोडला नव्हता.

मग आम्ही सात-आठ बायका गच्चीची किल्ली मागायला गेलो. पोरे दंगा करतात म्हणून गच्चीला कुलूप होते. तीन बैठका झाल्या, तेव्हा रोज दहा ते बारा गच्ची उघडू लागली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत आम्ही मिरची आणि कढीपत्ता लावला. पाणी घालायला पोरेच पुढे असतात, दंगा कमी झाला. सासूबाई तिथे बसून त्यांना खुरपे कसे धरायचे ते शिकवतात. हाडांचे दुखणे पूर्ण गेले असे मी म्हणणार नाही, गोळ्याही चालू आहेत. पण रात्री डोळा लागतो आणि त्यांची हाक पुन्हा ऐकू येते.

भगिनींनो, तुमच्या इमारतीची गच्ची बंद असेल तर किल्ली मागा. पुनर्विकासाची सभा असेल तर घर किती फुटांचे मिळणार एवढेच विचारू नका. खिडकीसमोर किती जागा सुटणार, तेही विचारा. ते आपल्या वाट्याचे ऊन आहे.

आमच्या विहाराच्या अंगणात पिंपळ आहे, त्याला सिमेंटचा पार बांधला आहे. मागच्या रविवारी वंदना झाल्यावर मी म्हटले, "आत्याबाई, चला, उशीर झाला."

त्या पारावर मांडी घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बसू दे गं जरा. हितनं मला उठवणारं कुणी न्हाई."