खुर्चीचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. कोपनहेगनमध्ये ऋषी नसल्यामुळे तिथले लोक खुर्चीचं कूळ विचारतात. आमचे जावई गेली अकरा वर्षं तिथेच असल्यामुळे त्यांनाही ही सवय लागली आहे. कुणाकडे गेले की ते खुर्चीवर बसत नाहीत, खुर्चीखाली शिरतात. आमच्या काळी जावई खुर्चीवर बसायचा आणि खाली बसायचं काम सासऱ्याकडे असायचं. असो. काळ बदलला.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे गेलो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजी घर आवरून वृद्धाश्रमात निघाल्या होत्या. त्यांच्याकडे दोन जुन्या आरामखुर्च्या होत्या. त्यांनी लेकीला विचारलं, घेतेस का? आणि किंमत सांगितली ती दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढी. आमची ही त्यातल्या एकीवर जी बसली, ती पाच मिनिटांत चक्क घोरू लागली.

लेकीची मात्र झोप उडाली. "बाबा, या साध्या असतील तर ठीक. पण कुणा नामवंताच्या असल्या तर? म्हाताऱ्या बाईला फसवल्यासारखं नाही का होणार?"

एरवी ज्याला मी जावयांचं खूळ म्हणत होतो, ते आता घराण्याच्या अब्रूचं काम झालं.

मला तेव्हा कळलं की या खुर्च्यांना माहेर आणि सासर दोन्ही असतं. जो आकार काढतो ते माहेर, जो कारखाना बनवतो ते सासर. खाली छाप असतो तो बहुधा सासरचा. हान्स वेग्नरची 1949 सालची गोल पाठीची खुर्ची घ्या. 1960 साली केनेडी आणि निक्सन टीव्हीवर वाद घालायला बसले ते हिच्यावर. ती घडवायचा योहानेस हान्सन नावाचा सुतार आणि छाप डागायचा तो स्वतःचा. 1990च्या दशकापासून तीच खुर्ची दुसरा कारखाना करतो, म्हणजे सासर बदललं, माहेर तेच. अगदी पहिल्या खुर्च्यांच्या पाठीला वेत गुंडाळलेला असे, लाकडाचे सांधे झाकायला. पुढे सांधेच इतके देखणे जमले की झाकायची गरज उरली नाही. जाणकार माणूस खुर्चीचं वय यावरून सांगतो.

नुसत्या रूपावर मात्र जाऊ नये. 1963 सालचं क्रिस्टीन कीलर यांचं ते गाजलेलं छायाचित्र आठवतं? खुर्ची उलटी धरून, पाठीआड बसलेल्या बाई? आमच्याहून थोरल्या पिढीने ते भरपूर पाहिलं, पण खुर्चीकडे पाहिलं असेल असं वाटत नाही. ती आर्ने याकोबसनच्या 1955 सालच्या खुर्चीची नक्कल होती! कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून नक्कल करणाऱ्याने पाठीला हात घालण्याजोगं भोक पाडलं होतं. आज ती नक्कल लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मानाने आहे. माणसांच्या बाबतीतही असं होतं, पण तो विषय वेगळा.

आजींच्या खुर्च्यांपैकी लाकूड तेवढं मी ओळखलं. साग! सागाला ओळखपत्र लागत नाही, कोकणातल्या माणसाला तर नाहीच. डेन्मार्कात साग उगवत नाही. तो सयामहून बोटींनी यायचा आणि कोपनहेगनची एक कंपनी 1897 पासून पूर्वेकडे व्यापार करत होती. म्हणजे खुर्ची युरोपियन, पण आजोळ आपल्या बाजूचं.

मग जावयांनी खुर्ची उलटी केली. आडव्या पट्टीच्या आतल्या अंगाला रुपयाएवढा धातूचा बिल्ला! हिने चष्मा लावून वाचलं, "फ्रान्स अँड सन. अगं बाई, ही तर फ्रान्सची! आणि सनमधला ओ कुणीतरी खोडलाय."

तो खोडलेला नव्हता. ओच्या पोटातून तिरपी रेघ गेली की माल डेन्मार्कचा नाहीतर नॉर्वेचा, डोक्यावर दोन टिंबं असली की बहुधा स्वीडनचा. आणि फ्रान्स हे मालकाचं आडनाव. चार्ल्स फ्रान्स हा जातीचा इंग्रज. डेन्मार्कात त्याचा आधी गाद्यांचा धंदा, भागीदार डॅवरकोसन. 1957 साली पाटीवरून भागीदार गेला आणि मुलगा आला. 1960च्या दशकातच कारखाना विकला गेला आणि नावही बदललं. म्हणजे खुर्चीचा जन्म या आठ-दहा वर्षांतला. सासर समजलं, वय समजलं. राहिलं माहेर.

त्यासाठी जावयांनी दोन रविवार घालवले. तिथल्या डिझाइन संग्रहालयाने डॅनिश फर्निचरची चित्रांसकट सूची करून ठेवली आहे. त्या कारखान्यासाठी आराखडे काढणारे निघाले अनेक. शेवटी खूण पटली ती स्वभावावरून. लाकडी सांगाडा आणि गादी एकमेकांपासून जरा दूर, सोवळ्यात असल्यासारखी. ही खोड फिन यूलची. 'स्पेड चेअर' तिचं नाव.

लेक धावत वर गेली आणि आजींना म्हणाली, "ही फिन यूलची आहे, तुम्ही फार कमी पैसे सांगितलेत."

"मला माहीत आहे," आजी म्हणाल्या. "आम्ही दोघांनी हप्त्यांवर घेतल्या होत्या. एक व्यापारीही येऊन गेला. तो आल्या आल्या खुर्चीखाली वाकला. तुझी आई सरळ वर बसली."

मग वरच्या मजल्यावर उलटा सौदा रंगला. लेक किंमत वाढवतेय, आजी खाली ओढताहेत. अखेर पहिल्या आकड्याच्या तिप्पटीवर तुटलं, आणि दर रविवारी वृद्धाश्रमात चक्कर हे वर.

खुर्च्या घरी आल्या. जावई अजून बसायच्या आधी बिल्ल्याला हात लावून येतात. हिने तर आपल्या भांड्यांवर घालतात तसं आजींचं नाव, तारखेसकट, बिल्ल्याशेजारी घालायचं ठरवलं आहे. कोपनहेगनात नावं घालणारा भांडीवाला कुठे बसतो, याची चौकशी सध्या चालू आहे.