लहान कोण, मोठं कोण?

आमच्या शिरूर-दौंड भागात 'शेअर' म्हटलं की आधी आठवतो साखर कारखान्याचा. न्हावऱ्याचा घोडगंगा नाहीतर पाटसचा भीमा. तिथला हिशेब सोपा. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. निदान मतपेटीपाशी तरी लहान-मोठं कोणी नाही.

कंपन्यांचं तसं नसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये इन्फोसिसचं (ही १९८१ साली आपल्या पुण्यातच जन्मली बरं का!) १८,००० कोटींचं बायबॅक झालं. बाजारभाव दीड हजाराच्या आसपास आणि कंपनी देणार १,८०० रुपये. दौंडच्या काकांचा लगेच फोन. रेल्वेतून निवृत्त, पेन्शनवर घर चालतं. काकांकडे १४० शेअर्स, काकूंकडे ११०.

"अरे, लहान भागधारकांना राखीव कोटा असतो म्हणे. आम्ही लहानच ना?"

काकू लहान, काका मोठे! रेकॉर्ड डेटला, त्या दिवशीच्या बंद भावाने, ज्याच्याकडच्या त्या कंपनीच्या शेअर्सची किंमत २ लाखांपेक्षा जास्त नाही, तो सेबीच्या लेखी लहान. अशांसाठी बायबॅकचा किमान १५ टक्के हिस्सा राखीव. १४ नोव्हेंबरला काकांचे शेअर्स भरले सुमारे २ लाख १० हजारांचे, आणि काका जाऊन बसले म्युच्युअल फंडांच्या पंगतीला. लहानांना ११ शेअर्समागे २ चा हक्क, बाकीच्यांना ७०६ मागे १७. म्हणजे काकूंचे २० पक्के, काकांचे जेमतेम ३. दोघांचे पॅन वेगळे म्हणून निदान मोजणी तरी वेगळी झाली. एकाच पॅनवर दोन डिमॅट खाती असती तर बेरीजच झाली असती.

काका हिरमुसले. पैशापेक्षा 'मोठा' म्हटल्याचंच त्यांना जास्त लागलं असावं. दोन बंगल्यांचा मालकही दहा शेअर्स असतील तर लहानच ठरतो, आणि आयुष्यभर एकाच कंपनीत थोडं थोडं साठवणारा पेन्शनर मोठा. नियम माणसाची ऐपत बघत नाही, एका दिवसाचा एका कंपनीतला आकडा बघतो.

पण गंमत पुढेच आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमानुसार या बायबॅकची सगळी रक्कम लाभांश म्हणून उत्पन्नात धरली गेली. ३० टक्के कर भरणाऱ्या बंगलेवाल्याच्या हाती १,८०० मधले १,२६० च उरणार. त्याने बाजारातच विकलेले बरे! काका-काकूंना मात्र त्या रकमेवर कर जवळजवळ नाहीच.

खरा लहान कोण, ते रेकॉर्ड डेटला नाही कळलं. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात कळलं.