यझ्दच्या पोटातलं पाणी

टूरच्या छापील कार्यक्रमात यझ्दच्या वाट्याला एकच दिवस आला होता. इस्फहान बघून झालं होतं, पुढे पर्सेपोलिस आणि शिराझ होतं. त्यामुळे बसमधल्या बहुतेकांच्या लेखी यझ्द म्हणजे वाटेतला मुक्काम. मी मात्र या दिवसाची वाट बघत होतो. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. जिथे वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस पडत नाही, जवळपास नदी नाही, तिथे एवढं शहर शतकानुशतकं कशावर नांदलं, हे मला बघायचं होतं.

आदल्या दिवशी येतानाच बसच्या खिडकीतून त्याची खूण दिसली होती. उघड्या माळावर मातीच्या गोल वरवंड्या, मध्ये खड्डा, आणि अशी एकामागून एक रांग डोंगरापासून गावाकडे गेलेली. कनातीचे, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्याचे, झरोके ते. बाकीचे तेव्हा अंताक्षरीत रंगले होते.

सकाळी ऊन चढायच्या आत आम्हाला गावाबाहेर दख्म्यांकडे नेलं. दोन बोडक्या टेकड्या आणि त्यांच्या माथ्यावर दगडमातीचे गोल कोट. झरतुष्ट्री लोक इथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवत. माती, पाणी आणि अग्नी विटाळायचे नाहीत, हा त्यामागचा विचार. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रथा इथे थांबली. आता पायथ्याशी दफनभूमी आहे आणि प्रेताचा मातीशी संबंध येऊ नये म्हणून कबरी सिमेंटने बांधून घेतात. मंडळी फोटोसाठी वर चढली. माझे गुडघे कुरकुरत होते, शिवाय खाली मातीचा एक घुमट खुणावत होता. तो निघाला आब-अंबार, म्हणजे पाण्याचा बंदिस्त हौद. हौद जमिनीखाली, वर घुमट, बाजूला वारा आत घेणारे मनोरे. अंत्ययात्रेबरोबर आलेल्या माणसांना थांबायला खोल्या आणि प्यायला गार पाणी, अशी सोय केलेली. पूर्वी इथे पाण्याची सोय केल्याशिवाय माणसाला निरोपही देता येत नव्हता.

तिथून आतशकदे, म्हणजे अग्निमंदिर. इमारत १९३४ची, आणि तिला मुंबईच्या पारशांचा पैसा लागलेला. आतला अग्नी इ. स. ४७० पासून अखंड तेवत असल्याचं सांगतात. गावोगाव हलवत, जपत तो यझ्दला आला. काचेच्या तावदानापलीकडे मोठ्या पात्रात तो शांतपणे जळत होता. दादरच्या एक बाई माझ्या हिला म्हणाल्या, "अहो, आयुष्य पारशी कॉलनीशेजारी गेलं, पण अग्यारीच्या दारातून आत काही डोकावता आलं नाही. इथे बघा, तिकीट काढलं की दर्शन!" मुंबईचं आणि या गावाचं नातं नुसतं देणगीचं नाही. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणात धाडलं. इथल्या झरतुष्ट्रींची हलाखी बघून त्यांनी शाळा काढल्या आणि बिगरमुस्लिमांवरचा जिझिया उठावा म्हणून वर्षानुवर्षं दरबाराचे उंबरे झिजवले. १८८२ मध्ये शहाने झरतुष्ट्रींवरचा तो कर उठवला. पुढे याच भागातली कितीतरी माणसं मुंबई-पुण्याला येऊन इराणी हॉटेलांच्या गल्ल्यांवर बसली. आपण ज्यांच्याकडे ब्रून मस्का आणि चहा घेत आलो, त्यांच्या आजोळच्या अंगणात उभे आहोत, हे कळल्यावर बसमधला सूरच बदलला.

पुढे जल-संग्रहालय. एका सधन व्यापाऱ्याचा जुना वाडा आणि त्याच्या तळाशी वाहणारी कनात. कार्यक्रमात त्याला पाऊण तास दिला होता. अर्ध्या मंडळींनी तो अंगणातल्या सावलीत काढला. मला तो पुरला नाही.

कनातीची रचना ऐकायला सोपी आहे. डोंगराच्या पायथ्याशी, जमिनीत पाणी सापडेल तिथे मूळ विहीर खणायची. तिथलं पाणी गावापर्यंत आणायला जमिनीखालून बोगदा काढायचा. त्याला उतार अगदी बेताचा. जास्त झाला तर पाणी बोगदा कोरून काढतं, कमी झाला तर पाणी पुढे सरकत नाही आणि गाळ बसतो. माती उपसायला आणि आतल्या माणसाला हवा मिळायला ठरावीक अंतरावर झरोके. ना पंप, ना मोट. पाणी आपल्या पायाने चालत येतं, आणि जमिनीखाली असल्यामुळे उन्हाने उडून जात नाही. आम्ही दुर्बीण, पट्टी आणि लेव्हलचं यंत्र घेऊन कालव्याचा उतार धरायचो, तरी कुठेतरी चुकारपणा करणारा तुकडा निघायचाच. इथे अंधारात, गुडघ्यांवर बसून, दिव्यांच्या ज्योती एका रेषेत धरून कित्येक किलोमीटर सरळ खणत गेलेली माणसं होती. त्यांना मुकन्नी म्हणतात. दिवा मंदावला की हवा कमी झाली असं समजून मागे फिरायचं. कपडे पांढरे, अंधारात दिसावेत म्हणून. आणि बोगदा ढासळलाच तर तेच कफन. संग्रहालयातला तो मळकट पांढरा सदरा मी बराच वेळ बघत राहिलो.

शेजारच्या कपाटात तांब्याची एक वाटी होती, बुडाला बारीक छिद्र असलेली. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर ती सोडायची, भरून बुडाली की एक माप झालं. कोणाच्या मळ्याला किती मापं पाणी, ते त्यावर ठरायचं आणि त्यासाठी खास माणूस नेमलेला असायचा. आमच्या गटातल्या एका काकांनी ती बघताच विचारलं, "हे तर लग्नातलं घटिकापात्र! इथे कोणाचा मुहूर्त बघतात?" मुहूर्त पाण्याचाच होता. आमच्या खात्यातही पाळीपत्रकं असत, पाटकरी असत, आणि रात्री परस्पर दार उघडून पाणी वळवून नेणारेही असत. त्या वाटीपुढे बसणाऱ्या माणसाला गावाने किती शिव्या घातल्या असतील, याची मला बसल्या जागी कल्पना आली.

दुपारचं जेवण दही, भात आणि वांग्याच्या कश्क-ए-बादेमजानवर झालं. जोडीला पुण्याच्या आजींनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना वाढली. मग ऐन उन्हात दौलताबाद बाग. अठराव्या शतकातली. तिथला बादगीर, म्हणजे वाऱ्याचा मनोरा, ३३ मीटरांहून उंच आहे. बाहेरून सगळे त्याची उंची बघत होते, पण खरा चमत्कार त्याच्या बरोबर खाली उभं राहिल्यावर कळतो. मनोऱ्याच्या एका अंगाने वारा खाली उतरतो, खालच्या पाण्यावरून जाताना गार होतो, आणि खोलीतली गरम हवा दुसऱ्या अंगाने वर ओढली जाते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असताना तिथे अंगावर झुळूक येत होती. बायकांनी सकाळपासून डोक्यावर सांभाळलेल्या ओढण्या तिथे भुरभुरू लागल्या आणि कोणी उठायलाच तयार होईना. पाणी कनातीचंच.

उतरत्या उन्हात जामे मशिदीशी पोचलो. चौदाव्या शतकातलं हे काम. दारावरचे जुळे मिनार इराणातल्या सर्वांत उंच मिनारांत मोडतात, आणि निळ्या फरश्यांचं काम बघताना मान खरोखर दुखते. गाइड मॅडमनी मिनारांची उंची सांगितली, सगळ्यांनी मोबाइल उभे धरले. मी त्यांना कनातीविषयी विचारलं, तर त्या हसल्या आणि अंगणातून खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. पूर्वी वजूसाठी माणसं तिथून थेट झर्चच्या कनातीपर्यंत उतरत. ही कनात ७० किलोमीटरहून लांब आहे आणि जागतिक वारशाच्या यादीत आहे. म्हणजे मिनार जितका वर गेलाय, त्याच्या कित्येक पट गाव जमिनीखाली पसरलं आहे.

जुन्या फहादान मोहल्ल्यातून चालत निघालो. माती आणि भुश्याने लिंपलेल्या उंच भिंती, मध्ये सावलीपुरती गल्ली, दारांवर दोन वेगवेगळ्या आवाजांच्या कड्या: एक बायकांनी वाजवायची, एक पुरुषांनी. दिवेलागणीला अमीर चखमाक चौकात तीनमजली कमानी उजळल्या. मोहरमला खांद्यावर उचलतात तो लाकडी नख्ल तिथे बाजूला उभा होता. मंडळी कोताब आणि पश्मकच्या दुकानांत शिरली. चौकाजवळ एका जुन्या आब-अंबारातच आता झुरखाने, म्हणजे तालीम भरते. ढोलाच्या ठेक्यावर आठकोनी आखाड्यात माणसं जड मुद्गल फिरवत होती. पाणी गेलं, तर तिथे घाम आला.

पाणी गेलं कुठे, हे परतताना बसमध्ये मी मॅडमना विचारलं. १९६०नंतर खोल विहिरी आणि पंप आले, भूजल खाली गेलं आणि कितीतरी कनाती कोरड्या पडल्या. आता यझ्दला इस्फहानकडून नळाने पाणी येतं, आणि तिकडे झायंदे नदी आटते तेव्हा तिथले शेतकरी त्या नळावरच धावून जातात. हे ऐकताना मला परकं काही वाटलं नाही. आमच्या शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगरापासून अशीच भूमिगत नहर आणली. पाणचक्कीही अशाच एका नहरीवर फिरते. त्यातल्या बऱ्याच नहरी आम्ही घरांखाली आणि रस्त्यांखाली बुजू दिल्या आणि पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी उपसून आणायला लागलो.

कनातीत एक शिस्त बांधलेली आहे. भूजलाची पातळी बोगद्यापर्यंत असेल तेवढंच पाणी येणार. डोंगरावर हिम कमी पडलं की धार बारीक होते आणि गावाला वेळीच कळतं. पंपाला असं काही कळत नाही. तो आणखी खोल जातो, आणि समजतं तेव्हा तळ लागलेला असतो. आम्ही नोकरीभर पाणी कसं वाढवायचं याचे हिशेब केले. या गावाने आधी किती मिळतंय ते बघितलं आणि मग त्यावर घरं, बागा, मशिदी आणि माणसं बसवली.

यझ्दला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. टूर मॅनेजरला आर्जव करून जल-संग्रहालय सकाळी सर्वांत आधी करून घ्या आणि त्याला दोन तास द्या. मग उरलेलं गाव आपोआप समजत जातं. मिनार कुठे जात नाहीत.