पलतडी जायचंय? थांबा!

देवबागच्या टोकाला उभं राहिलं की समोर भोगवे दिसतं. इतकं जवळ, की हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. मध्ये फक्त कर्ली नदी, समुद्राला मिळणारी. गाडीनं जायचं तर लांबलचक वळसा, होडीनं काही मिनिटं. भोगव्यात रूम बुक केलेली, सॅक पाठीवर, आणि होडीवाले काका म्हणतात, ''आत्ता नाय. पाण्याक ओढ आसा. थांब गो बाय.''

''काका, जास्त पैसे देते ना!''

काका नुसते हसले. आणि माझ्या डोक्यात एक गाणं सुरू झालं.

ते तुम्हीही ऐकलंय. १९७३च्या 'बॉबी'तलं 'ना मांगूं सोना चांदी'. मन्ना डे, शैलेंद्र सिंग, लक्ष्मीकांत-प्यारेलालचा झक्कास ठेका. ऑर्केस्ट्रात हे लागलं की खुर्चीत बसवत नाही. पण त्याचं मूळ इथून खाली, गोव्यात आहे. 'हांव सायबा पलतडी वेतां' ही कोंकणी देखणी. देखणी म्हणजे घुमटाच्या तालावर बायकांनी नाचत म्हणायचं गाणं. कार्लुश युजेनियु फेरेरा यांच्या नावावरची ही देखणी १८९५मध्ये चक्क पॅरिसला छापली गेली! 'पलतडी' म्हणजे पलीकडच्या काठाला. मालवणी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

गोष्ट साधी आहे. कलावंतिणींना नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जायचंय. नावाडी म्हणतो, नाही, पाणी खवळलंय. त्या विनवतात, अंगावरचे दागिने काढून देऊ करतात. तरी तो नाहीच म्हणतो.

पुढे प्रत्येकानं हे गाणं आपापल्या परीनं गायलं. 'बॉबी'त तर मामला उलटाच झाला. तिथे दागिने देऊ करणाऱ्या बायका नाहीत, सोनं-चांदी नको, प्रेम हवं असं म्हणणारा हीरो आहे. नदी गायब, नावाडी गायब. मांडवीतल्या क्रूझवर नावाडी असतो, पण त्याचा नकारही नाचाचाच भाग. कॉयरमध्ये ते भारदस्त होतं, गिटारवाल्या पोरांच्या हातात एकदम रोमँटिक. सगळीच व्हर्जन्स मला आवडतात. पण त्यातला 'नाही' मी कधी नीट ऐकलाच नव्हता. ऑफिसात 'अर्जंट' म्हटलं की कामं होतात, त्याची सवय असते आपल्याला.

काकांनी मुखाकडे बोट दाखवलं. ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं, समुद्राची लाट आत घुसत होती, आणि दोन्ही भिडत होती तिथे पांढरा फेस उसळत होता. मी गप्प बसले.

पाऊण तासानं पाणी निवळलं. ''चल,'' काका म्हणाले. पलतडी उतरल्यावर मी थोडे जास्त पैसे पुढे केले. त्यांनी रोजचं भाडं मोजून घेतलं आणि उरलेले परत दिले.

सोनं-चांदी त्यांना नकोच होती.

(कसं जाल : कोकण रेल्वेनं कुडाळ, तिथून मालवण, पुढे तारकर्लीमार्गे देवबाग. होडी मिळेल. वेळ काका ठरवतील.)