शंभरातले अठ्ठ्याण्णव

संपादकांची मागणी सरळ होती. इंग्रजी सुधारण्यासाठी इंटरनेटवर फुकट मिळणारी वीस उत्तम ठिकाणं सांगा, प्रत्येकाखाली चार ओळी लिहा. वीस नाही, पण काही नावं मी देणार आहे. मात्र अशा याद्या आज प्रत्येकाच्या फोनमध्ये पडून असतात आणि त्यांनी कुणाचं इंग्रजी सुधारत नाही, हे मी शिकवताना वर्षानुवर्षं पाहत आले आहे. साधनं उदंड झाली. त्यांतलं आपल्याला कोणतं पेलेल, हे शिकणाऱ्याला कुणी सांगत नाही. मला तेवढंच सांगायचं आहे, आणि त्यासाठी थोडं आमच्या भाषाशिक्षणाच्या शास्त्रात शिरावं लागेल.

गेल्या पावसाळ्यात एक परिचारिका माझ्याकडे आली. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, मराठी माध्यमातली शाळा, मग जीएनएम ही नर्सिंगची पदविका, आता खासगी रुग्णालयात रात्रपाळ्या. ब्रिटनमध्ये नोकरी करायची म्हणून तिने ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजीची परीक्षा दिली. वाचन, लेखन, संभाषण निभावलं, श्रवणात अडकली. कष्टांत तिने कसूर केली नव्हती. वर्षभर पाळी संपली की ती इंग्रजी बातम्या, अमेरिकी मालिका, मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकत होती. सारखं ऐकलं की कान तयार होतो, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी तिला रुग्ण आणि डॉक्टर यांच्या संभाषणाची एक ध्वनिफीत ऐकवली. रात्रभर ‘थ्रोइंग अप’ चाललं होतं आणि सकाळी ‘पास्ट आउट’ झालो, असं रुग्ण सांगत होता. ‘व्हॉमिटिंग’ तिला ठाऊक, ‘सिंकोप’ ठाऊक, कॅन्युला लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण उलट्या होणं आणि शुद्ध हरपणं रुग्ण ज्या साध्या शब्दजोड्यांनी सांगतो, त्या तिच्या ओळखीच्या नव्हत्या. पासआउट होणं म्हणजे तिच्या लेखी कॉलेज संपणं. ‘मॅडम, मग मी वर्षभर काय ऐकलं?’ असं तिने विचारलं. तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्याचं खरं उत्तर ‘नुसता आवाज’ असं आहे.

समोरच्या मजकुरातले बहुतेक शब्द आधीच ओळखीचे असतील, तरच उरलेल्यांचा अर्थ संदर्भाने लागतो आणि ते मनात राहतात. बहुतेक म्हणजे किती, हा आमच्या शास्त्रातला जुना वाद आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. हैफा विद्यापीठाच्या बाटिया लॉफर यांनी १९८९ साली ९५ टक्क्यांचा उंबरठा मांडला. २००० साली न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी एक गोष्ट घेतली, तिच्यातले काही शब्द काढून त्या जागी निरर्थक शब्द घातले आणि वेगवेगळ्या गटांना ती वाचायला दिली. शंभरातले ८० शब्द ओळखीचे असलेल्या गटात गोष्ट पुरेशी कुणालाच कळली नाही. ९५ च्या गटात काहींना कळली, बहुतेकांना नाही. त्यावरून त्यांनी ९८ हा आकडा काढला. इथे एक बारकावा आहे, जो या आकड्याचा हवाला देणारे पुष्कळजण विसरतात: प्रयोगात ९८ टक्क्यांचा गटच नव्हता. तो आकडा उपलब्ध निकालांवरून गणिताने आलेला आहे. पुढे २०११ मध्ये नॉर्बर्ट श्मिट आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या साडेसहाशेहून जास्त विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. त्यांना मध्ये कुठे एकदम उंबरठा असा दिसला नाही. ओळखीचे शब्द वाढतील तसतशी समजही वाढत जाते, असं दिसलं. ऐकलेली साधी गोष्ट थोड्या कमी शब्दांवरही कळते, असंही नंतरच्या संशोधनात आढळलं.

९५ आणि ९८ मधल्या तीन टक्क्यांसाठी एवढा खल कशाला, असं वाचकाला वाटेल. तीनशे शब्दांचं एक पान घ्या. ९५ टक्क्यांना त्या पानावर १५ अनोळखी शब्द असतात, म्हणजे जवळजवळ दर दोन ओळींना एक. ९८ टक्क्यांना सहा. पंधरा ठिकाणी थांबणारा माणूस आठवडाभरात पुस्तक मिटतो. सहा ठिकाणी थांबणारा ते संपवतो. माझा स्वतःचा कौल म्हणून मी ९८ च्या बाजूने आहे, आणि एकट्याने, शिक्षकाशिवाय शिकणाऱ्याच्या बाबतीत तर ठामपणे आहे. वर्गात शिक्षक हात देतो. फोनसमोर बसलेल्या मुलीला कुणी हात देत नाही.

म्हणूनच ‘रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच’ या सल्ल्याची मला चीड येते. पुण्यातल्या अभ्यासिकांपासून जिल्ह्याच्या गावांतल्या क्लासपर्यंत स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक मुलाला तो मिळतो. नेशन यांच्या २००६ सालच्या मोजणीनुसार वृत्तपत्र किंवा कादंबरी ९८ टक्क्यांच्या हिशेबाने वाचायची, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं यावी लागतात. शब्दकुळं म्हणजे एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक. मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेक मुलांचा साठा याच्या जवळपासही नसतो, आणि तो त्यांचा दोष नाही. आपल्या राज्यात सर्व शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली; त्याआधीच्या पिढीने ते पाचवीत पहिल्यांदा पाहिलं. अशा मुलाने अग्रलेख घेतला की तो दर ओळीला शब्दकोश उघडतो, वहीत कठीण शब्दांची यादी करतो, ती यादी महिनाभरात विसरतो आणि आपल्याला भाषाच जमत नाही असा निष्कर्ष काढतो. चुकीचं पुस्तक हातात दिल्याने आलेला तो न्यूनगंड पुढे आयुष्यभर सोबत राहतो.

हे दुखणं जुनं आहे आणि त्यावरचा उपाय शोधला गेला तो आपल्याच उपखंडात. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला काम करत होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनपुस्तकांत नवे शब्द दाटीवाटीने कोंबलेले असतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी शब्द मोजले, गोष्टी सोप्या करून लिहिल्या, नवे शब्द विरळ पेरले आणि १९२६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे १९५३ मध्ये सुमारे दोन हजार उपयुक्त शब्दांची त्यांची यादी आली. तिचा नवा अवतार, न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट, २०१३ पासून इंटरनेटवर फुकट आहे: सुमारे २,८०० शब्द, आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा ९२ टक्क्यांच्या आसपास भाग त्यांतच येतो. कुणी मला एकच साधन विचारलं तर मी ही यादी सांगेन. तिच्यातले आपल्याला न येणारे शब्द आधी शिकावेत. अग्रलेखातले अलंकारिक शब्द नंतर आपोआप येतात.

दुसरं साधन म्हणजे माँट्रियलमधल्या एका विद्यापीठातले टॉम कॉब यांनी चालवलेलं लेक्सट्यूटर हे संकेतस्थळ. दिसायला ते ओबडधोबड आहे, पण काम चोख करतं. कोणताही इंग्रजी उतारा त्यात टाकला की शब्द रंगांत वेगळे होतात: पहिल्या हजारातले निळे, दुसऱ्या हजारातले हिरवे, अभ्यासग्रंथांतले पिवळे, त्यापलीकडचे लाल. उताऱ्यात लाल फार दिसलं तर तो बाजूला ठेवायचा. वीस वर्षं शिकवणाऱ्या शिक्षकालाही अंदाजाने जे सांगता येत नाही, ते इथे क्षणात दिसतं. मी प्रशिक्षणाला आलेल्या प्रत्येक शिक्षकाला ते दाखवते आणि त्यांच्यापैकी फार थोडे परत गेल्यावर ते वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

वाचायला काय घ्यावं? प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं स्टोरीवीव्हर. तिथल्या गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि पुष्कळशा मराठीतही आहेत. तीच गोष्ट आधी मराठीत वाचा, मग इंग्रजीत. ‘इंग्रजीतच विचार करा, मराठी विसरा’ हा उपदेश मनावर घेऊ नका; अर्थ मराठीतून चटकन कळत असेल तर तो वेळ वाचवतो, आणि वाचलेला वेळ इंग्रजी वाचण्यात जातो. मोठ्या माणसांना मुलांच्या गोष्टी वाचायची लाज वाटते. वाटू नये. त्यानंतर सिंपल इंग्लिश विकिपीडिया आहे. बालभारतीची इंग्रजीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. सहावीपासून सुरुवात करून जिथे अडखळायला होईल ती आपली इयत्ता समजावी. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर हजारो पुस्तकं आहेत, पण ती प्रताधिकार संपलेली, म्हणजे बहुतेक शंभर वर्षांपूर्वीच्या भाषेतली. ती घाईने घेऊ नयेत.

ऐकण्याची गोष्ट वेगळी आहे आणि मराठी कानापुरती ती नीट सांगायला हवी. मराठीत आपण प्रत्येक अक्षर जवळजवळ सारख्या वजनाने उच्चारतो. ब्रिटिश किंवा अमेरिकी इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर आघात येतो आणि बाकीचे स्वर चेपले जातात. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, ‘फटॉग्रफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिल्या अक्षरातला ‘ओ’ पार पुसला जातो. वाक्यात तर ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’, ‘अँड’ यांसारखे छोटे शब्द नुसत्या ‘अ’च्या फुंकरीएवढे उरतात. ‘कप ऑफ टी’ कानावर येतं ते ‘कपअटी’. आपण हे शब्द पुस्तकातून, मनातल्या मनात देवनागरी उच्चार करत शिकलेलो असतो, म्हणून पानावर ओळखीचा असलेला शब्द कानाला अनोळखी वाटतो. त्या परिचारिकेच्या अडचणीचा अर्धा भाग हा होता. वेगवान मालिका वर्षभर पाहून तो सुटत नाही. एक मिनिटाचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून, शब्दन् शब्द लिहून, मग संहितेशी ताडून तो सुटतो. जिथे जिथे आपलं लिहिलेलं आणि संहिता वेगळी निघते, तिथे नेमका आपला कान तोकडा पडलेला असतो.

यासाठी संहिता सोबत असलेली ध्वनिफीत लागते. बीबीसी १९४३ पासून रेडिओवर इंग्रजी शिकवत आली आहे; तिचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम संहितेसह मिळतो. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९ ऑक्टोबर १९५९ ला ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केलं: सुमारे दीड हजार शब्दांचा साठा, छोटी वाक्यं, नेहमीपेक्षा संथ वाचन. माझ्या मते एकट्याने शिकणाऱ्यासाठी इतकं विचारपूर्वक केलेलं दुसरं काही झालं नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशानंतर व्हॉइस ऑफ अमेरिकाचं प्रसारण थांबवलं गेलं, तेव्हा मला मनापासून दुःख झालं. त्यांनी स्वतः केलेल्या जुन्या कार्यक्रमांवर प्रताधिकार नाही. मिळतील तेवढे उतरवून ठेवावेत. आणि भारतीय उच्चारांपासून सुरुवात करायची असेल तर एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, लेखी प्रतीसह. आपल्या विषयाचं व्याख्यान घेतलं की त्या विषयाचे शब्द आधीच ओळखीचे असतात.

एवढं सगळं करूनही तोंड उघडलं नाही तर बोलणं येत नाही. कॅनडात शाळेत बरेच विषय फ्रेंचमधून शिकणारी मुलं वर्षानुवर्षं उत्तम फ्रेंच ऐकत होती. त्यांना समजत होतं, पण त्यांचं बोलणं व्याकरणात कच्चं राहिलं. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावर बोट ठेवलं: बोलावं-लिहावं लागतं तेव्हाच आपल्याला काय येत नाही हे आपल्याला कळतं. आज फोनवरच्या चॅटबॉटला लिहिलेलं दाखवून चुका फुकट समजून घेता येतात. ही फार मोठी सोय आहे. पण माझ्याकडे येणारी मुलं त्याच्याकडून अर्ज लिहून घेतात. अर्ज सुंदर होतो आणि मुलगा होता तिथेच राहतो. आधी स्वतः लिहा, मग तपासून घ्या, मग तेच पुन्हा कोऱ्या कागदावर लिहा.

त्या परिचारिकेला मी रुग्णांच्या बोलीतल्या शब्दजोड्या आणि संथ ध्वनिफिती यांवर काम दिलं आहे. बातम्या बंद करायला सांगितल्या. ती पुन्हा परीक्षेला बसेल का, ते घरच्या पैशांवर ठरेल. परीक्षेची फी मोठी असते आणि ती काही फुकट नाही.

एक विनंती करते. आपल्या राज्यात हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि गावोगाव अभ्यासिका उघडत आहेत. स्टोरीवीव्हरच्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. त्या छापायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक ग्रंथालयाने चारही पातळ्यांच्या पन्नास-पन्नास गोष्टी छापून, पातळीचा आकडा वर ठळक लिहून, एका कपाटात लावाव्यात. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी इंग्रजी पेपरकडे हात नेण्याआधी ग्रंथपालांनी त्यांना त्या कपाटाशी न्यावं, कोणतंही एक पान वाचायला सांगावं आणि अनोळखी शब्द मोजायला लावावेत. तीनशे शब्दांच्या पानावर सहाहून जास्त निघाले, तर खालच्या पातळीची गोष्ट द्यावी.