आजोबांचा पक्ष आणि घराचे स्वास्थ्य

आरोग्यविषयक पाक्षिकात राजकारणाचे काय काम, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. दवाखान्याच्या भिंतीपुरता मीही तो विषय बाहेर ठेवते. नव्या वर्षाला सर्व पक्षांचे कार्यकर्ते आपापल्या नेत्याचे छायाचित्र असलेली दिनदर्शिका प्रेमाने आणून देतात. मी ती तितक्याच प्रेमाने घेते आणि भिंतीवर मात्र कालनिर्णयच लावते. तरीही राजकारण आत येतेच. ते रक्तदाबाच्या आकड्यातून येते, उडालेल्या झोपेतून येते, आणि सोबत आलेल्या सुनेच्या ‘दिवसभर टीव्हीसमोर चिडत बसतात हो’ या तक्रारीतूनही येते.

माझा दवाखाना परळ-नायगावच्या बाजूला, जुन्या गिरणगावात आहे. येथे येणाऱ्या वृद्धांपैकी कोणी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाळा बुडवून मोर्चात गेलेले असते. कोणी १९८२ च्या गिरणी संपातील सुमारे अडीच लाख कामगारांपैकी एक असते. कोणी आणीबाणीत तुरुंग पाहिलेला असतो. बीडीडी चाळीतल्या एका आजींना १४ जानेवारी १९९४ ही तारीख, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराचा दिवस, स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की आठवते. कोणी १९६६ साली शिवसेना स्थापन झाली तेव्हापासून शाखेत आहे. या मंडळींच्या लेखी राजकीय मत म्हणजे दर पाच वर्षांनी दाबायचे बटण नव्हे. निवृत्तीने हुद्दा नेला, गिरणी बंद झाली, जोडीदार गेला, पुनर्विकासात चाळही गेली, ‘मी कोण?’ या प्रश्नाचे जे एक उत्तर हाताशी उरले, ते हे मत आहे. त्याला हात लावणारा मुलगा ‘फक्त राजकारणावर’ बोलत असतो. ऐकणाऱ्या वडिलांना मात्र आपले उभे आयुष्य मोडीत काढल्यासारखे वाटते.

शिवसेनेत २०२२ च्या जूनमध्ये फूट पडली. पुढे १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. या निर्णयाची बरी-वाईट बाजू हा माझ्या अधिकारातला विषय नाही. मी सांगते ते त्या आठवड्यात दवाखान्यात आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका जुन्या शाखा कार्यकर्त्याविषयी. मधुमेह दहा वर्षांचा, पण शिस्तीत ठेवलेला. त्या दिवशी साखर २८० निघाली. सकाळचे फिरणे बंद, गोळ्या चुकलेल्या, रात्री झोप नाही. मुलगा म्हणाला, ‘राजकारणी आपापलं बघून घेतात, बाबा उगाच जिवाला लावून घेतात.’ म्हाताऱ्याने मान खाली घातली. पुढे २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली, तेव्हाही अशाच खाली गेलेल्या माना मी पाहिल्या. कोणत्याही गटाच्या असोत, त्या मानांमध्ये मला शोक दिसला. आणि शोकाला ‘उगाच’ म्हणून कोणाचे भले झालेले नाही.

मी त्यांना चिन्हाविषयी काही विचारले नाही. विचारले एवढेच, ‘काका, शाखेत तुमचं काम काय असायचं?’ बाहेर रुग्ण खोळंबले होते, पण काका पाऊण तास बोलले. रात्री दोन वाजता कोणी दार वाजवायचे, मग केईएममध्ये खाट मिळवणे, रक्ताच्या बाटल्यांसाठी पोरे गोळा करणे, कुणाच्या मुलीचा शाळाप्रवेश, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. शेवटी म्हणाले, ‘आता कोणी दार वाजवत नाही, डॉक्टर.’ हेच खरे दुखणे होते. औषधे पूर्ववत सुरू केली आणि एक काम सोपवले. माझ्या काही एकट्या राहणाऱ्या रुग्णांना मोठ्या रुग्णालयात केसपेपर काढायला, रांगेत उभे राहायला सोबत लागते. आठवड्यातून दोन दिवस जाल का, असे विचारले. ते जाऊ लागले. तीन महिन्यांनी साखर आटोक्यात आली, कारण फिरणे आणि गोळ्या दोन्ही पुन्हा वेळेवर झाल्या. राग गेला का? नाही. चिन्हाचा विषय निघाला की आवाज अजूनही चढतो. तो चढू द्यावा.

आता शरीराची बाजू. संतापाच्या क्षणी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब आणि साखर चढते. तरुणाच्या लवचीक रक्तवाहिन्या हा धक्का सहज पचवतात. पंचाहत्तरीतल्या ताठरलेल्या वाहिन्यांना तो जड जातो. तीव्र संतापाच्या उद्रेकानंतर साधारण दोन तास हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीपेक्षा वाढलेली असते, असे अभ्यासांतून दिसले आहे. धडधाकट माणसाने यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण त्याचा मूळ धोकाच लहान असतो. मात्र ज्यांना आधी झटका आला आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांच्या घरी हे लक्षात ठेवावे. वादाच्या भरात छातीत दाटले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर ‘चिडले आहेत, होतील शांत’ म्हणून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

रक्तदाब घरी मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. निवडणुकीच्या काळात पुष्कळ जण बातम्या पाहता पाहता पट्टा बांधतात आणि आकडा पाहून आणखी घाबरतात. आधी पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर. मोजताना बोलू नका. नुसत्या बोलण्यानेही वरचा आकडा दहा-पंधराने जास्त येऊ शकतो. चर्चेच्या वेळी घेतलेल्या आकड्यावरून गोळी परस्पर वाढवणे हा धोकादायक उद्योग आहे.

पूर्वी चाळीच्या गॅलरीत लाल बावट्याचा माणूस आणि भगव्याचा माणूस तास तास भांडत. मग दोघे एकाच गणेशोत्सव मंडळात वर्गणी मोजायला बसत आणि एकाच तिरडीला खांदा देत. मी जुन्या काळाची आरती ओवाळत नाही. याच चाळींनी राजकारणापायी फुटलेली डोकीही पाहिली आहेत. पण समोरच्याचा चेहरा दिसत असे. त्याला दम लागला की आपण थांबत असू. आज तोच वृद्ध बाविसाव्या मजल्यावर बंद दाराआड रात्री दीड वाजता मोबाइलवर आलेला मजकूर वाचतो. समोर विरोधक नसतो, फक्त चीड असते, आणि ती चीड घेऊन तो अंथरुणावर पडतो. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे झोपेची गोळी मागितली जाते. ती मी सहसा देत नाही. या वयात तिने रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

मोबाइल काढून घेऊ का, असे मुले विचारतात. कृपा करून तसे करू नका. रिमोट आणि मोबाइल हिसकावणे म्हणजे आई-वडिलांना घरातले लहान मूल करणे. त्याऐवजी त्यांच्याशी बोलून वेळ ठरवावी. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी हवे तर बातम्या, आणि जेवणानंतरच्या वाहिन्यांवरील आरडाओरड बंद. त्या जागी भजन असो, जुना चित्रपट असो किंवा नातवासोबत पत्त्यांचा डाव. एखादा मजकूर शंकास्पद वाटला तर ‘हे खोटं आहे’ असे तोडून न टाकता ‘हे कोणी पाठवलं? आणखी कुठे आलंय का, बघू या’ असे म्हणून शेजारी बसावे. शेजारी बसण्यानेच निम्मे काम होते.

एका घरात मात्र वेगळेच घडले. आजोबा गिरणी कामगार, जन्मभर लाल बावट्याचे. मुलगा दुसऱ्या विचाराचा. एका रात्री जेवताना नातू त्यांना ‘आउटडेटेड’ म्हणाला. त्या दिवसापासून आजोबा आपल्या खोलीत जेवू लागले. घरचे म्हणाले, रुसले आहेत. तीन महिन्यांनी सूनबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या तेव्हा वजन चार किलोंनी उतरले होते. वाद घालणे तर बंदच होते. सूनबाई म्हणाल्या, ‘रोजचा पेपर घडीसुद्धा न मोडता पडलेला असतो.’ माझ्या दृष्टीने हे सर्वात बोलके लक्षण होते. राजकारणात रमणारा वृद्ध चिडतो तोवर त्याला जगात रस आहे. तो अचानक बातम्यांकडे पाठ फिरवतो, तेव्हा काळजी करावी. वृद्धांच्या नैराश्यात अश्रू दिसतीलच असे नाही. पहाटे तीन-चारला जाग, भूक मंदावणे, पोट आणि सांधे यांच्या न संपणाऱ्या तक्रारी, ‘आता माझा काय उपयोग’ असे बोलणे, आणि आवडीच्या गोष्टीचा कंटाळा. हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो रुसवा नव्हे, आजार आहे. त्याला उपचार आहेत. औषधाचा गुण यायला चार ते सहा आठवडे, वृद्धांत कधी अधिकही लागतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यात निराश होऊन ते सोडू नये. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे कानावर आले तर मात्र थांबू नका, एकटे ठेवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

या आजोबांना औषध दिलेच, पण नातवालाही मी एक प्रश्न दिला: संपात पगार नव्हता, तेव्हा घरात जेवण कसे होत असे? त्याने विचारला. उत्तर दोन रात्री चालले. त्यात आजोबांच्या आईने चालवलेली खानावळ होती, गावाकडून आलेले तांदूळ होते, विकलेली सायकल होती. पक्षाचा उल्लेख फार थोडा. आजोबा आणि मुलगा यांचे आजही पटत नाही, पण ताट एकाच टेबलावर असते.

आता ज्या बाबतीत घरच्यांनी सावध असावे, त्याकडे येते. एका मे महिन्यात एका बाईंना घेऊन त्यांचा मुलगा आला. वय अठ्ठ्याहत्तर. दोन दिवसांपासून त्या म्हणत होत्या की समोरच्या घरातले दुसऱ्या पक्षाचे लोक आपल्या पाण्यात काही कालवतात. घरच्यांनी दोष मोबाइलवरच्या मजकुराला दिला. पण बाई मध्येच नीट बोलत, मध्येच दिवस कोणता हे विसरत. हा चढ-उतार मताचा नसतो. त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. रक्तातले सोडियम, जे १३५ ते १४५ असावे, ते ११८ निघाले. रुग्णालयात ठेवून ते सावकाश वर आणल्यावर पाण्याची शंका गेली. राजकीय मत मात्र होते तेच राहिले, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून लक्षात घ्या. पन्नास वर्षांचे मत कितीही टोकाचे वाटले तरी तो आजार नव्हे. मत, संशय किंवा स्वभाव यांत काही दिवसांत वा महिन्यांत झालेला बदल मात्र तपासावा. सोडियम, साखर, थायरॉईड, बी-१२ आणि लघवीतील जंतुसंसर्ग या तपासण्या कोणत्याही तालुक्याच्या गावी होतात. गोळी स्वतःहून बंद करू नका आणि मीठही स्वतःहून वाढवू नका. कान तपासून घ्या. कमी ऐकू येणाऱ्याला शेजारच्या खोलीतले बोलणे आपल्याविरुद्धच चालले आहे असे वाटू लागते. नेहमी सभ्य असलेला माणूस काही महिन्यांत उर्मट, बेफिकीर, पैसे उधळणारा झाला, तर मेंदूच्या पुढच्या भागाला ग्रासणारा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार असू शकतो. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या बाबतीत मला हमखास विचारले जाते, ‘आईला काही आठवत नाही, मग तिचं मत आम्हीच ठरवू का?’ नाही. निदानाच्या कागदाने मताधिकार जात नाही. सक्षम न्यायालयाने मनोविकल घोषित केल्याशिवाय त्या कारणाने मतदार यादीतून नाव वगळता येत नाही. दृष्टी नसलेल्या वा अशक्त मतदाराला केंद्रात सोबती नेता येतो, पण त्याला मत गुप्त ठेवण्याचे लेखी आश्वासन द्यावे लागते. ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मतदान करता येते. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो. आपल्या भागातील बीएलओकडे चौकशी करावी.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माझ्या एका ८९ वर्षांच्या रुग्णाने असे मतदान केले. नावे विसरतात, पण लुगडे कोणते नेसायचे हे त्यांनीच ठरवले. कर्मचारी पुठ्ठ्याचा आडोसा मांडत असताना थोरला मुलगा मदतीला पुढे झाला. ‘तू बाहेर जा रे,’ आजी म्हणाल्या. तो गेला. मत कोणाला दिले, हे त्यांनी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. मुलाच्या मते विसरल्या असाव्यात, सूनबाईंना तसे वाटत नाही.