त्याच पानापासून

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये 8:26-40



उपवासकाळ सुरू झाला की आमच्या पॅरिश हॉलबाहेर शुक्रवारी चपलांचे दोन ढीग दिसतात. एक क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला आलेल्यांचा आणि दुसरा दहावीच्या मुलांचा. तेलंगणात एस.एस.सी.ची परीक्षा मार्चमध्ये सुरू होते, म्हणजे बहुतेक वर्षी उपवासकाळातच येते. त्यामुळे आमच्याकडच्या मुलांचा उपवासकाळ प्रार्थनेपेक्षा पाठांतरात जास्त जातो. आम्ही त्यांना त्याबद्दल रागावत नाही. प्रामाणिकपणे केलेला अभ्यास हीसुद्धा प्रार्थनाच, असं आमचे फादर सांगतात.

आम्ही चौघे धर्मशिक्षक. रविवारच्या मिस्सानंतर दृढीकरणाच्या मुलांचा वर्ग घेतो. काही वर्षांपूर्वी आमच्या लक्षात आलं की धर्मशिक्षणाचं इंग्रजी पुस्तक वाचताना जी मुलं अडखळतात, तीच शाळेतही मागं पडतात. मग आठवड्यातून तीन संध्याकाळी अभ्यासवर्ग सुरू केला. ख्रिस्ती असो वा नसो, वस्तीतलं कुठलंही मूल येऊ शकतं. चहा-बिस्किटं महिला मंडळाची, पंखा आणि फळा पॅरिशचा.

आज लिहायचं आहे ते या वर्गात आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

आमच्याकडे येणारी बरीच मराठी कुटुंबं नांदेड, लातूर, बिदर या बाजूची आहेत. बाप बांधकामावर, आई कुणाच्या घरी किंवा हॉस्टेलच्या मेसमध्ये. या वाटेनं हैदराबादला येणं नवीन नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होतं. आणि परक्या भाषेत शिकणंही नवीन नाही. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सगळं शिक्षण उर्दूत होतं. घरी मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलणाऱ्या मुलांनीही विज्ञान आणि इतिहास उर्दूतच वाचला, शिवाय इंग्रजी सक्तीची. आमच्या पॅरिशमधले काही म्हातारे अजून पाढे उर्दूत म्हणतात.

आजच्या मुलाची गाठोडी त्याहून जड आहे. घरी मराठी. गल्लीत दखनी हिंदी. वर्गात इंग्रजी, कारण आईबापांना तीच हवी. आणि 2018 च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत पहिली ते दहावी तेलुगू सक्तीची. सरकारी शाळांतल्या द्विभाषिक पुस्तकांत एका पानावर इंग्रजी आणि समोरच्या पानावर तेलुगू असतं. कल्पना चांगली आहे, तेलुगू मुलांना तिचा आधार होतो. पण नांदेडहून सहावीत आलेल्या मुलीला दोन्ही पानं परकीच.

अशीच एक मुलगी आमच्या वर्गात होती. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पाचवीपर्यंत शिकलेली, मग आईवडिलांबरोबर देवगिरी एक्स्प्रेसनं इकडे आलेली. वडील मिस्त्रीच्या हाताखाली, आई एका मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटायला. आईला अक्षरओळख नाही.

दहावीच्या सुरुवातीला शाळेतून नॉमिनल रोलचा कागद आला. दहावीचा मेमो हाच पुढे आयुष्यभर जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतो, म्हणून त्या कागदावर एकेक अक्षर तपासावं लागतं. इकडे आडनाव आधी लिहितात, आपल्याकडे शेवटी. त्यामुळे मुलीचं नाव आडनाव झालं होतं आणि बापाचं नाव मधेच हरवलं होतं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. आम्ही आधार कार्ड, जुना टीसी आणि बाप्तिस्म्याचा दाखला शेजारी शेजारी मांडून एक संध्याकाळ घालवली. शेवटी ओळखखुणांचा रकाना राहिला. अंगावरच्या दोन खुणा लिहायच्या असतात. मुलगी लाजली. आई मात्र पटकन म्हणाली, "लिहा ताई, डाव्या कानामागं तीळ. आन् उजव्या गुडघ्यावर व्रण, तीन वर्साची असताना चुलीजवळ पडली व्हती." त्या पूर्ण फॉर्ममध्ये तिला एवढीच एक ओळ सांगता आली, आणि ती ओळ दुसऱ्या कुणालाच सांगता आली नसती.

हे त्या संध्याकाळीच आमच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

सहामाहीत मुलीला इंग्रजीत आणि विज्ञानात कमी गुण पडले. आम्ही आईला बोलावलं आणि अगदी कळकळीनं सांगितलं की दहावी होईपर्यंत घरी मराठी बोलू नका. मुलीच्या कानावर इंग्रजी पडू दे. जमत नसेल तर निदान कमी बोला, मोबाइलवर इंग्रजी बातम्या लावून ठेवा.

आईनं मान डोलावली. शिकलेल्या माणसांनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार.

दोन महिने गेले. डिसेंबरात, आगमनकाळात, आम्ही घरोघरी प्रार्थनेला जातो. त्यांच्या खोलीत गेलो तर फार शांत वाटलं. जपमाळ सुरू झाली तेव्हा आई नुसते ओठ हलवत होती. मोठ्यानं म्हणा ना, असं आम्ही म्हटलं, तर ती मुलीकडे बघून हळूच म्हणाली, "मराठीत म्हणू का, ताई? चालतंय का? तुमीच नको म्हणला व्हता."

आम्हाला कुठं तोंड लपवावं कळेना. एका आईला आम्ही तिच्याच घरात मुकं केलं होतं. देवाशीसुद्धा बोलायला ती आमची परवानगी मागत होती. आणि मुलीचं इंग्रजी सुधारलं होतं का? नाही. ती फक्त आईशी बोलायची बंद झाली होती. शाळेत काय झालं, काय समजलं नाही, कशाची भीती वाटते, हे सांगायला तिच्याजवळ एकच भाषा होती आणि तीच आम्ही काढून घेतली होती.

त्या रात्री आम्ही चौघांनी एकत्र बसून प्रेषितांची कृत्ये उघडली. आठव्या अध्यायातली गोष्ट आपल्याला माहीत आहे. इथियोपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमहून परत चालला आहे. रथात बसून तो यशयाचं पुस्तक मोठ्यानं वाचतो आहे. फिलिप धावत जाऊन त्याला विचारतो की वाचता आहात ते समजतं का. तो म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार? आणि तो फिलिपला वर येऊन शेजारी बसायला सांगतो.

ही गोष्ट आम्ही अनेकदा शिकवली आहे. पण त्या रात्री दोन गोष्टी नव्यानं दिसल्या. पहिली ही की त्या माणसाला वाचता येत होतं. त्याची अडचण अक्षरांची नव्हती, अर्थाची होती. दुसरी ही की फिलिपनं त्याला खाली उतरवलं नाही. आधी हे शिकून या, मग बोलू, असं म्हटलं नाही. तो वर चढला, शेजारी बसला आणि उघडं असलेल्या त्याच पानापासून त्यानं सुरुवात केली. रथही त्या माणसाच्याच वाटेनं चालत राहिला.

आम्ही मात्र मुलीला आणि आईला त्यांच्या रथातून खाली उतरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन आम्ही आईची माफी मागितली. तिला अवघडल्यासारखं झालं. "माफी कशाला मागता ताई, लेकराच्या चांगल्यासाठीच सांगितलं तुमी," असं म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

वर्गाची रीत आम्ही बदलली. धडा घेतला की आधी तुझ्या भाषेत सांग, असं म्हणू लागलो. प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय ते तिनं मराठीत सांगितलं, पानापासून मुळापर्यंत सगळं बरोबर. विज्ञान तिला येत होतं, फक्त ते इंग्रजीत उतरत नव्हतं. मग एकेका वाक्याचं छोटं इंग्रजी वाक्य करायचं. पाठ केलेलं लांबलचक उत्तर मधला एक शब्द विसरला की सगळं कोसळतं. स्वतः बांधलेलं तीन शब्दांचं वाक्य तसं कोसळत नाही. प्रश्नातली क्रियापदं वेगळी करून भिंतीवर लावली : समजावून सांगा, फरक लिहा, कारणं द्या, आकृती काढा. कितीतरी मुलांचे गुण उत्तर न आल्यानं जात नाहीत, प्रश्न काय मागतो ते न कळल्यानं जातात.

पालकांसाठीही एक संध्याकाळ ठेवली, पण या वेळी भाषण केलं नाही. दहावीनंतर ज्युनियर कॉलेजात एम.पी.सी., बाय.पी.सी., सी.ई.सी. ही काय भानगड आहे, पॉलिटेक्निकला जायचं तर पॉलिसेट कधी द्यायची, दहावी सुटलीच तर ओपन स्कूलची वाट कशी असते, हे मराठीत, तेलुगूत आणि दखनीत, ज्याला जे समजेल त्यात, शेजारी बसून सांगितलं. आमच्याच मंडळीतल्या तीन बायकांनी ते केलं. त्या रात्री बापांनी पहिल्यांदा प्रश्न विचारले.

मार्चमध्ये परीक्षा झाली. एप्रिल संपता संपता निकाल लागला. मुलगी इंग्रजीत पास, विज्ञानात चांगले गुण, गणितात काठावर. आणि तेलुगूत नापास. पासाला 35 लागतात, तिला 27 होते.

इंग्रजीच्या मागं आम्ही सगळे इतके धावलो की तेलुगूकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. तिचं नाही, आमचंही नाही.

निकालाच्या दिवशी आम्ही हॉल सकाळपासून उघडा ठेवतो. 2019 च्या एप्रिलमध्ये इंटरमीडिएटच्या निकालानंतर या राज्यातल्या वीसहून अधिक मुलांनी आपला जीव संपवला. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. म्हणून त्या दिवशी कुणालाही गुण विचारायचे नाहीत, फक्त जेवलास का विचारायचं, असा आमचा नियम आहे. 14416 हा टेलिमानसचा नंबर दारावर मोठ्या अक्षरांत लावतो. त्या दिवशी मुलगी आली ती आईचा हात धरून. रडून डोळे सुजलेले. आईनं तिला बाकावर बसवलं आणि आम्हाला विचारलं, "परत देता येती नव्हं परीक्षा?"

येते. ॲडव्हान्स्ड सप्लिमेंटरी म्हणतात, महिना-सव्वा महिन्यात असते. अभ्यास कसा करायचा हा प्रश्न होता. मुलगी तेलुगू धडा मोठ्यानं वाचू लागली. अक्षरं ओळखत होती, वाचत होती, पण काय वाचते ते तिला कळत नव्हतं. आई शेजारी बसून ऐकत होती. पानभर वाचून झाल्यावर ती सहज म्हणाली, "अगं, त्यो म्हातारा शेत विकायला तयार न्हाई, असं हाय ते."

आम्ही सगळे गप्प झालो.

चार वर्षं मेसमध्ये तेलुगू बायकांच्या शेजारी बसून चपात्या लाटताना ती भाषा तिच्या कानात उतरली होती. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तिला सगळं समजत होतं. लेकीला सगळं वाचता येत होतं, आणि काहीच समजत नव्हतं. फिलिप आणि खजिनदार आमच्या हॉलमध्ये एकाच बाकावर बसले होते, आणि आम्ही इतके दिवस फिलिपला गप्प बसायला सांगत होतो.

पुढचा महिनाभर रोज रात्री कामावरून आल्यावर हेच चाललं. लेक वाचायची, आई अर्थ सांगायची, तोही मराठीत. अडेल तिथं आमच्या पॅरिशमधल्या एक तेलुगू शिक्षिका मदत करायच्या. सप्लिमेंटरी परीक्षा पेन्टेकॉस्टच्या सुमारास झाली. मुलीला 46 गुण मिळाले. फार नाहीत, पण पुरले. आज ती ज्युनियर कॉलेजात आहे आणि सगळं सोपं झालेलं नाही. पण आईशी बोलते.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्यानं यरुशलेममधल्या सगळ्यांना एक भाषा शिकवली नाही. ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू येऊ लागलं. आपली पंडिता रमाबाईही हेच जाणून होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून तिनं बायबलचं भाषांतर केलं ते साध्या मराठीत, न शिकलेल्या बायांनाही समजावं म्हणून. तिच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, ते प्रसिद्ध झालं. इतकी विद्वान बाई, पण ती खाली वाकली, समोरच्या बाईला उंच उडी मारायला सांगितली नाही.

मुलांना इंग्रजी यायलाच हवी, त्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत. तेलुगूही हवी, कारण या मातीत राहायचं आहे. पण ती शिकवण्यासाठी आईची भाषा काढून घ्यावी लागत नाही. तीच तर खालची पायरी आहे. या आठवड्यात आपल्या आजूबाजूला पाहू या. आपण मदत म्हणून कुणाला गप्प तर बसवलं नाही ना?

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू आमच्याशी आमच्या भाषेत बोललास. जे शिकवतात त्यांना शेजारी बसायची नम्रता दे. जी मुलं परीक्षेला बसतात त्यांच्या मनातली भीती दूर कर. ज्या आईबापांना आपण अडाणी आहोत असं वाटतं, त्यांना तू दिलेलं शहाणपण दाखव. आणि आमच्या चांगुलपणातून जे नुकसान होतं, त्याची आम्हाला क्षमा कर. आमेन.